दिपोटी आले की पोरे येतात

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या शाळेत रोज पाचसात पोरे बसत. शिक्षणखात्याचे डेप्युटी, म्हणजे वाडीचे दिपोटीसाहेब, तपासणीला आले की मात्र पाय ठेवायला जागा नसे. वाडीला यात काही वावगे वाटत नसे. लावणीला माणसे कमी पडली की शेजारच्या वाडीची सावड घेतात, तशी तपासणीला पोरांची घेत, आणि दिपोटी तिकडे गेले की इकडची पोरे पाठवून फेडत. पोरे कमी दिसली तर शाळा बंद होणार, हे सर्वांना ठाऊक होते. राहीबाईची मुलगी मैना नुकती जोडाक्षरांना लागली होती. गिरणीतल्या नवऱ्याची पत्रे वाचून घ्यायला राहीबाईला आजवर टपालवाल्याची मनधरणी करावी लागे.

त्या साली वरून ठरले, की शिक्षणाचे धोरण यापुढे अंदाजाने नव्हे, पुराव्याने आखायचे. त्याकरिता एक संशोधन समिती महाडास उतरली आणि तिचे चिटणीस दिपोटींबरोबर वाडीवर आले. शाळा अर्थातच खचाखच.

"मास्तर, आपण रोज येता?" चिटणीसांनी विचारले.

"रोज, साहेब," रावजी मास्तर म्हणाले.

"आणि मुले?"

"दिपोटीसाहेब आले की येतात," मास्तरांच्या तोंडून निसटले.

"म्हणजे मास्तर येतात तेव्हा मुले येत नाहीत, दिपोटी येतात तेव्हा येतात. मास्तरांचा हजेरीवर परिणाम शून्य!" चिटणीसांनी टिपून घेतले.

राहीबाईने दिराला, मालोजीला, कोपराने ढोसले. "भावजी, खरं सांगा की! मास्तर जातोय हातचा."

मालोजी पुढे झाला. "सायेब, तसा नाय. ही पोरां सावडीची हायत. शेजारच्या वाडीची."

"मत नको. पुरावा आहे?"

"ह्यो काय म्होरं बसलाय! ह्या चांगूला काल त्या वाडीत तुमीच पाढा इचारलात नाय?"

चिटणीसांनी चांगूला निरखले आणि ते सद्गदित झाले. "एकच मुलगा दोन शाळांत! केवढी ही ज्ञानाची भूक!"

अहवाल झाला. मास्तरांची जागा रद्द करून त्याच पगारात प्रत्येक शाळेवर कायमचा दिपोटी नेमण्यात आला. आता दोन्ही वाड्यांत रोजच तपासणी, तेव्हा सावड बंद पडली. गुरे राखणारी, भातावरची पाखरे हाकणारी, सगळी पोरे शाळेत डांबावी लागली. हजेरी शंभर टक्के. पाखरांचीही चंगळ झाली, पण ती समितीच्या कक्षेत नव्हती.

मैनेने पाटी पुढे केली. "सायेब, ह्याच्या म्होरं कंचं अक्षर?"

"बाळ, मी विचारतो," कायमचे दिपोटी मायेने म्हणाले. "सांगणे माझ्या कामात नाही."

यशाची पाहणी करायला चिटणीस पुन्हा आले, तेव्हा राहीबाईने त्यांना दारातच अडवले.

"सायेब, पोरगी रोज जाते. पण शिकनार कवा?"

"बाई, आम्ही हजेरीचा प्रश्न घेतला होता, तो सुटला. शिकण्याचा प्रश्न कोणी विचारलाच नाही."

"मी इचारते हाय की!"

"आपण एकट्याच. एकीवरून धोरण ठरत नसते."

राहीबाई पत्र घेऊन टपालवाल्याची वाट बघत पायवाटेवर बसली. पुढे हीच पद्धत साऱ्या तालुक्याला लावताना समितीने सुशिक्षित जनतेचे मत मागवले. राहीबाईची हकीकत वाचून जे गालातल्या गालात हसले आणि पान उलटून पुढे गेले, त्यांची नोंद 'हरकत नाही' अशी झाली आहे. वाचकहो, आपलीही.