चाळीस घरांचं रक्त

लग्नात माणसं आधी नवरानवरीला भेटतात; आमचे नाना आधी आचाऱ्याला भेटत. कढईजवळ उकिडवं बसून तेलाचा वास घेत आणि विचारत, "कितव्यांदा तापवलंय?" एकदा जळगावात एका शेठजींच्या मुलीच्या लग्नात कचोऱ्या निघत असताना त्यांनी मोठ्यानं निकाल दिला, "बठ्ठं तेल जयेल शे." म्हणजे सगळं तेल जळलेलं आहे. निम्म्या पंगतीनं कचोरी सोडली. शेठजींनी नानांना पुन्हा बोलावलं नाही. मला बोलावलं, एकटेच या म्हणून बजावून.

नाना आमच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. मी रसायनशास्त्रात, तासिका तत्त्वावर. म्हणजे पगार तासाचा आणि भीती बारमाही.

खाल्लेल्या तेलातली मेदाम्लं रक्तात जाऊन पुढे काय करतात, या एका प्रश्नावर नानांचं आयुष्य गेलं. जामनेरजवळच्या एका गावातली चाळीस घरं त्यांनी त्यासाठी धरली होती. कोण शेंगदाण्याचं तेल खातं, कोण सरकीचं, सगळं वहीत. दरवर्षी वांग्याच्या भरताचा हंगाम संपला, की नाना बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं निघत. "रगत लेनारा मास्तर ऊना," रक्त घेणारा मास्तर आला, असं म्हणत बायका हात पुढे करत. एकेका घरी रक्त काढायला दोन मिनिटं लागत आणि नाना तासभर बोलत बसत. लग्न केलेलं नव्हतं, घरी बोलायला भिंती.

अकरा वर्षांचे नमुने आमच्या प्रयोगशाळेच्या डीप फ्रीजरमध्ये पडून होते, कारण मेदाम्लं मोजायचं यंत्रच आमच्याकडे नव्हतं. नाना दरवर्षी अर्ज करत, आणि दरवर्षी यंत्राऐवजी कमान नाहीतर व्यासपीठ उभं राही. अखेर धुळ्याच्या एका कॉलेजात यंत्र आलं. नाना तारीख ठरवायला तिकडे गेले.

नेमकी तेव्हाच तपासणी समिती आली. एप्रिलचं ऊन. प्राचार्य म्हणाले, "सर, समितीला थंड पाणी लागेल. कूलर तुमच्या लॅबमध्ये लावा." जाड पिनेचं सॉकेट एकच होतं, त्यात फ्रीजर. मी फ्रीजरची पिन काढून कूलरची लावली. तासाभरानं बदलू, म्हटलं. समिती पाणी प्यायली, शेवभाजी जेवली, गेली. मीही सुटीवर गेलो. चार दिवसांनी नाना तारीख घेऊन परतले आणि त्यांनी फ्रीजरचं झाकण उघडलं.

त्यांनी अहवालात लिहिलं, 'वीजपुरवठा खंडित झाल्याने नमुने नष्ट.' तो वाचून मला हायसं वाटलं. आज लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते हायसंच. समितीचा शेरा आला, की या कॉलेजात संशोधन होत नाही. पुढच्या वर्षी मी कायम झालो. नाना त्या गावाला पुन्हा गेले नाहीत.

मग मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागलो. प्रायश्चित्त म्हणा. भित्र्या माणसाचं प्रायश्चित्त असंच असतं, त्यात जेवायला मिळतं.

नाना निवृत्त झाले, रविवार चालू राहिले. या हिवाळ्यात कळण्याची भाकरी मोडता मोडता मी बोलून गेलो, "नाना, फ्रीजरची पिन मी काढली होती."

"माहीत शे माले," नाना वांग्याचं देठ बाजूला ठेवत म्हणाले. "शिपाईनी त्याच दिनले सांगं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुनी नोकरी कच्ची व्हती." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आनि मंग तू जेवाले येवा लागना. बोलनू असतू, तर तूबी ऊना नसता."

मला त्यांचा राग आला. चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर मी कधीच सुटलो असतो. नानांनी माझ्याकडे न बघता अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली आणि विचारलं, "आते पुढला रविवारले येशी ना?"