नातीला शोभेल असा शब्द

सर्बियातल्या झायेचार गावच्या आमच्या गल्लीत इंग्रजी येणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. असं गल्ली म्हणायची. मी फक्त नाही म्हणालो नाही. वाचनालयात नोकरी, आणि फावल्या वेळात इंग्रजी शब्दकोश वाचायची खोड.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, स्तामेन्काताईच्या मुलानं, ल्युबिशानं इंग्लंडात लग्न केलं, आणि एका मार्चमध्ये सून मॉरीनचं पाकीट आलं. आत पहिल्या नातीचा फोटो, आणि ऑगस्टमध्ये बाळाला घेऊन येऊ का, अशी विचारणा.

ताई फोटो घेऊन थेट वाचनालयात आली. फोटोवर तीनदा थू थू केलं.

"काय कुरूप ध्यान आहे बघ," डोळे पुसत ती म्हणाली. "आजच लिही, लवकर या म्हणावं. पण आधी बाळाबद्दल लिही. आणि सुंदर म्हणालास तर याद राख, नजर लागेल पोरीला."

"हे काय मला शिकवतेस?"

"कुरूपला बरासा शब्द आहे ना त्यांच्यात?"

"ढीगभर आहेत, ताई."

पहिला सापडला 'अग्ली'. पण तो फारच आखूड. पहिल्या नातीला शोभेना. मग 'हिडिअस' सापडला. भारदस्त, तोंडभर. पुढे अर्थ दिला होता, अत्यंत कुरूप.

"अत्यंत?" ताईनं विचारलं.

"अत्यंत."

"मग तोच घाल. कंजूसपणा नको."

मी लिहिलं, 'तुमचं बाळ हिडिअस आहे. फोटो सगळ्या गल्लीला दाखवला, सर्वांचं हेच मत पडलं. ऑगस्टमध्ये जरूर आणा.'

एप्रिल गेला, मे गेला, उत्तर नाही. ल्युबिशा नोकरीवर, जहाजावर, त्याला विचारायची सोय नाही. ताई रोज फाटकात उभी राहून पोस्टमनची वाट बघायची.

"काय लिहिलंस रे तू?"

"तू सांगितलंस तेच."

"मग इंग्रजी चुकलं असेल तुझं. नात दिसायची नाही आता मला."

मी कच्चा खर्डा काढून पुन्हा पुन्हा तपासला. एक स्वल्पविराम चुकला होता. तेवढ्यावरून इंग्रज माणूस इतका रागावतो, याचं मला नवल वाटलं.

जूनमध्ये ल्युबिशा इंग्लंडातल्या घरी पोचला आणि त्याचं पत्र आलं. 'मामा, मॉरीन दोन महिने रडते आहे. आपली रीत तिला आता समजावली आहे. आम्ही येतो. यापुढे पत्रं आईलाच लिहू दे, सर्बियनमध्ये.'

ऑगस्टमध्ये स्टेशनवर ताई बाबागाडीत वाकली. "थू थू, कसलं कुरूप माकड हे!" मॉरीननं समजून मान हलवली आणि तिला कडकडून मिठी मारली.

जेवताना मी मार्चपासून घोकलेली चार वाक्यं सुनेला म्हणून दाखवली. तिनं शांतपणे ऐकली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मामा, तुमचं इंग्रजी हिडिअस आहे."

तो आठवडा मी तरंगत होतो. ताई जाऊन आता अकरा वर्षं झाली. ते कुरूप माकड दर ऑगस्टला स्वतःची माकडं घेऊन येतं. मॉरीनही येते. पण त्या दिवशी ती आमच्या रीतीनं बोलली की तिच्या, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.