रामय्याचा उजवा हात

रामय्याच्या नजरेला तुटका दोरा पडू देऊ नये. आमच्या चाळीत एकदा लग्न होतं. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, आणि हा गडी वऱ्हाडातून वाट काढत थेट पुढं. "आगू, आगू!" अंतरपाटाच्या काठाचा एक धागा तुटला होता. त्यानं त्याला गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं आणि भटजींना म्हणाला, "हां. आता चालू द्या." नवरीला हसू आवरेना.

आगू म्हणजे त्याच्या तेलुगूत 'थांब'. पोरं त्याला आगूमामाच म्हणायची. गिरणीत धागा तुटला की साचा थांबवायचा आणि गाठ मारायची, हे त्याचं काम. पण भोंगा होऊन घरी आला तरी ते काम काही अंगातून उतरायचं नाही. पतंगाचा मांजा, बकरीचं दावं, माझ्या कोटाचं बटण, काही सोडायचा नाही. आणि गाठ अशी की नखानं चाचपली तरी लागू नये.

मी त्याच गिरणीच्या दवाखान्यात पट्टेवाला. मराठी चौथी झालेला. अक्षर बरं, म्हणून डॉक्टर सांगतील ते मीच वहीत उतरवायचो. मला एक वाईट खोड होती. रामय्या समोर दिसला की मुद्दाम एखादा दोरा तट्‌कन तोडायचा आणि मजा बघत बसायचं. आमची भागा ओरडायची, "अवं, केस पिकलं की तुमचं! गरिबाची चेष्टा कशापायी करता?"

रामय्या तिला अक्का म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण. तो हसून म्हणायचा, "करू दे अक्का. तोडायचं काम जमादारचं, बांधायचं माझं."

मी कसला जमादार! पण त्यानं म्हटलं की बरं वाटायचं.

मग एक दिवस साच्याच्या चाकात त्याचा उजवा हात गेला. अंगठ्याजवळची दोन बोटं तुटली, उरलेली दोन आखडली. तेव्हा नवा कायदा आला होता. गिरणीत हातपाय गेला तर भरपाई द्यायची, पण डॉक्टरनं तपासून तसं लिहून दिलं पाहिजे. रामय्याचा बेत ठरलेला होता. भरपाई आली की नव्या पेठेत सुताचं दुकान टाकायचं. "हात गेला तर गेला," म्हणायचा, "सुतात तरी बसंल मी."

घरी बसून तो अंगठा आणि आखडलेल्या बोटांनी गाठ मारायला शिकत होता. एका गाठीला माझी अर्धी चिलीम ओढून व्हायची. असल्या हातानं साचा चालतो होय? एक गाठ मारीपर्यंत तिकडं दहा धागे तुटतात.

तपासणीच्या आदल्या दिवशी भागानं मला त्याच्याकडं पिटाळलं. मी बजावलं, "उद्या हात लोंबता ठेव. आभाळ तुटलं तरी गाठ मारायची न्हाय."

"व्हय व्हय, जमादार. उद्या हात मेला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मूठ मीट." मिटेना. "ही पेन्सिल धर." पडली. त्यात सोंग काहीच नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, "लिही. उजवा हात कामाला निकामी." आणि पाठ फिरवून हात धुवायला गेले.

मी टाक दौतीत बुडवून ती ओळ लिहिली. जीव हलका झाला होता. आणि जीव हलका झाला की माझ्यासारख्याला खोडी सुचते. जखमेच्या पट्ट्यांचा गठ्ठा समोर होता, वरून दोऱ्यानं बांधलेला. मी रामय्याकडं बघून डोळा मारला आणि तो दोरा तट्‌कन तोडला.

रामय्यानं वर छताकडं बघितलं. मग खिडकीकडं. हात काखेत दाबून धरला. कपाळावर घाम आला. डॉक्टर साबण लावून सावकाश हात धूत होते. मी हसू दाबत होतो. तो गठ्ठा उचलून बाजूला ठेवायला मला किती वेळ लागला असता?

"आगू," तो हळूच म्हणाला, आणि काखेतला हात बाहेर आला. गाठ घालताना त्याचा खांदासुद्धा थरथरत होता. डॉक्टर पंच्याला हात पुसत वळले ते नेमके गाठ ओढून घट्ट करताना.

"अरे! हा हात चालतो की!" मग माझ्याकडं वळले. "तू ओळखतोस ना याला? खरं सांग. काम करील का हा?"

गाठीला किती वेळ लागला ते मी सांगायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, आता विचारतील दोरा कुणी तोडला. नोकरी डोळ्यांपुढं आली.

"व्हय साहेब," मी म्हणालो. "करंल की."

पहिल्या ओळीवर काट मारून मी खाली लिहिलं, 'उजवा हात काम देतो.' अक्षर लई सुरेख आलं होतं. रामय्यानं माझ्याकडं बघितलं आणि टोपी घातली.

भरपाई बुडाली. हात चालतो म्हणून त्याला परत साच्यावर उभा केला, आणि गाठी उरकेनात म्हणून महिन्याभरात काढलं. आता तो नव्या पेठेत एका दुकानाच्या पायरीशी भाजलेल्या शेंगा विकतो. पुडीला दोरा बांधल्याबिगर गिऱ्हाइकाला सोडत नाही. लोक कावतात, "अरे, हितंच खायच्यात, दे तशीच!" हा म्हणतो, "आगू, आगू."

तपासणी झाली त्या संध्याकाळी भागानं त्याला झाडलं होतं. "तुझी खोडच नडली रे तुला! यांनी एवढं बजावून सांगितलं हुतं!" मी तिथंच बसून भाकरी खात होतो. मला वाटलं, आता हा सांगणार.

"व्हय अक्का," रामय्या म्हणाला. "माझंच चुकलं."

एवढंच. पुढंही भागानं कितीदा तरी त्याला तोच टोमणा मारला. दर वेळी त्यानं मान खाली घातली, आणि दर वेळी मी गप्प बसलो.

या माघात भागा गेली. मी तोडलेल्या दोऱ्याचं तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिरडी बांधताना सुतळी माझ्याच हातात तुटली. दोन टोकं हातात घेऊन मी बसून राहिलो, बोटं हलेनात.

"आगू, आगू." रामय्या शेजारी येऊन बसला. त्याच्या अंगठ्यानं आणि त्या दोन बोटांनी गाठ मारायला घेतली. लई वेळ लागला. एवढी माणसं उभी होती, पण घाई करा असं कुणी म्हणालं नाही.

मी म्हणालो, "रामय्या, त्या दिवशी दवाखान्यात—"

"आगू," तो म्हणाला. वर न बघता. "अक्का ऐकंल."

म्हणून तेव्हा बोललो नाही. गिरणीच्या वहीत माझ्या अक्षरातली ती ओळ अजून आहे, ती मला आता खोडता येत नाही. खरी ओळ इथं लिहून ठेवतो. रामय्याचा उजवा हात कामाला निकामी झाला होता. दोरा मी तोडला.