दौलतरावांचा भरदुपारचा कंदील

दौलतराव भर दुपारी पेटवलेला कंदील घेऊन फिरत. अमरावतीचं वैशाखातलं ऊन, डोळे उघडवत नाहीत, आणि हे गृहस्थ धोतराचा सोगा सावरत कंदील सांभाळत चाललेत. कुणी विचारलं, "ऊन कमी पडून राहिलं का, दौलतराव?" तर शांतपणे सांगत, "उजेडासाठी नाही बाप्पा. हवेसाठी हाय."

कुणाच्या घरी गेले की आधी कंदील जमिनीवर ठेवत, ज्योत नीट पाहत आणि मगच बसत. एकदा अचलपूरला लग्नात त्यांनी तो थेट बोहल्याजवळ ठेवला. नवऱ्या मुलाची आत्या हा कुठला नवा विधी म्हणून त्याला हळदकुंकू वाहून मोकळी झाली.

ते आमच्या सोडावॉटरच्या कारखान्याचे मॅनेजर होते. मी तिथला कारकून. नागपूरहून वऱ्हाडचा कारभार चालायचा तो काळ, आणि गोटी सोड्याची बाटली हातात पडल्याशिवाय व्याही शांत होत नसत. सोड्यात भरायचा ग्यास मुंबईहून माणसाएवढ्या लोखंडी बाटल्यांतून यायचा. आत दाबाखाली पाण्यासारखा पातळ, आणि बाहेर सुटला की इतका गार की कातडी भाजावी. वास नाही, रंग नाही. हवेहून जड, त्यामुळे बाटल्यातून गळाला तर बंद खोलीत जमिनीलगत साचून राहतो, आणि त्यात सापडलेल्या माणसाला झोपच लागते.

दौलतराव भातकुलीकडच्या शेतकरी घरातले. जमिनीतल्या धान्याच्या पेवात उतरण्याआधी घरची माणसं दिवा सोडून बघत. विझला तर कुणी उतरायचं नाही. तीच रीत त्यांनी कारखान्यात आणली आणि तिथून साऱ्या गावात नेली. "थंडं हाय म्हनून गरीब समजू नोको," हे त्यांचं पालुपद. बाटल्याला हात लावायचा तर चामड्याचे कोपरापर्यंतचे मोजे घालूनच. ते त्यांनी मुद्दाम शिवून घेतले होते. मापात असे चुकले होते की रेड्यालाही सैल झाले असते.

एकदा आमचे मालक शेठजी तहसीलदारांना कारखाना दाखवायला घेऊन आले. बाटल्याच्या तोंडाला पिशवी बांधून ग्यास सोडला की आत पांढरा भुगा जमतो. तो पाहून तहसीलदार खूश झाले आणि त्यांनी कौतुकानं हात पुढे केला. दौलतरावांनी फाडकन त्या हातावर चापट मारली. शेठजींचा चेहरा त्या भुग्याहून पांढरा पडला. दौलतरावांनी स्वागताच्या हारातलं झेंडूचं एक फूल भुग्यात खुपसलं, थोड्या वेळानं बाहेर काढलं आणि चिमटीत दाबलं. त्याचा चुरा झाला. तहसीलदारांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले ते निघेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात दौलतराव काही कामासाठी अकोल्याला गेले. बाटल्यांच्या कोठीत गरम झळा येतात म्हणून शेठजींनी खिडकीत पोती कोंबून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे फिटर कादरभाई बाटला बदलायला आत गेले. बराच वेळ झाला तरी येईनात. हाका मारल्या, ओ नाही. शेठजी चिडून आत शिरणार, तेवढ्यात अकोल्याहून परतलेले दौलतराव फाटकातून आले. त्यांनी शेठजींची कॉलर धरून त्यांना मागे अंगणात ढकललं आणि कंदील उंबऱ्याच्या आत टेकवला. ज्योत फडफडली नाही की काही नाही. सरळ विझली.

मग मात्र ते ओरडले नाहीत, धावले नाहीत. बाहेरून खिडकीतली पोती उपसायला लावली. दोन्ही दारं सताड उघडली. कमरेला दोर बांधला, टोक माझ्या हातात दिलं. "मी पडलो तं आत येजो नोको. ओढजो," म्हणाले, छातीभर श्वास घेतला आणि शिरले. माझ्या तळहातांना असा घाम फुटला की दोर सुटेल असं वाटायला लागलं. तो मी मनगटाला गुंडाळला. तेवढ्यात ते पाठमोरे बाहेर आले. कादरभाईंना काखेत धरून ओढत.

लिंबाखाली निजवलेले कादरभाई आधी खोकले, मग डोळे उघडून भोवतीची गर्दी पाहून ओशाळले. "शेठजी, माफ करा," म्हणाले, "कामावर मले अशी झोप कधी लागत नाही." आम्ही सगळे हसलो ते हसतच राहिलो. शेठजी हसता हसता रडले.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. कादरभाईंची बायको आली, तिनं त्यांच्या पाठीत दोन धपके घातले, मग पदरानं त्यांचं तोंड पुसून त्यांना घेऊन गेली. शेठाणीनं शेठजींवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. मीही घराकडे निघालो. दौलतराव माझ्यासोबत चालू लागले. त्यांची खोली उलट दिशेला होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी त्यांना जेवायला आमच्याकडेच नेलं.

घरी हकिगत कळल्यावर माझी बायको आधी माझ्यावर घसरली आणि भाकरी वाढता वाढता त्यांच्याकडे वळली. "अन् तुमी हो, भाऊजी? काहून गेले आत? तुमाले काही झालं असतं तं? जिवाची काही किंमत हाय का नाही?"

दौलतरावांचा घास हातातच राहिला. ज्या माणसानं साऱ्या गावाला खबरदारी शिकवली, त्याला आज कुणीतरी रागावत होतं.

"अगं, त्यांनी दोर बांधला होता, दारं उघडून..." मी त्यांची बाजू मांडायला गेलो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

"चुकलंच माझं, वहिनी," ते खाली मान घालून म्हणाले आणि आणखी एका भाकरीसाठी ताट पुढे सरकवलं.