सिंहाला बोलावण्याचं शास्त्र

डोंगरी सिंहाला हाक मारून जवळ बोलावण्याच्या शास्त्रात अख्ख्या ॲरिझोनात माझा हात धरणारा माणूस नाही! तीस वर्षं मी हे शास्त्र कोळून प्यालोय. वाऱ्याची दिशा, बसायची जागा, कुठला आवाज किती वेळ, सगळं तोंडपाठ! आता त्या तीस वर्षांत एकही सिंह आला नाही, हा भाग वेगळा. त्यात शास्त्राचा काय दोष?

आमचा सिंह म्हणजे ना आयाळ, ना डरकाळी. धुळीच्या रंगाचं लांबलचक मांजरच ते, पण महालबाड! तो तुम्हाला शंभर वेळा बघून जातो, तुम्ही त्याला एकदाही बघत नाही. म्हणून त्याला बोलवायचं. खडकाच्या आडोशाला बसून पिपाणीवर जखमी सशासारखं रडायचं, नाहीतर आई हरवलेल्या हरणाच्या पाडसासारखं. कोल्हा पंधरा मिनिटांत येतो. सिंह तास घेतो, कधी दोन. तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही, नाक खाजलं तरी खाजवायचं नाही.

हे सगळं मी आणि माझी बायको नेड्रा जोडीनं करायचो. पाठीला पाठ लावून बसायचो, कारण सिंह नेहमी मागून येतो आणि पाठीला पाठ लावली की मागची बाजू उरतच नाही. पिपाणी तिची. ती पाडसाचं रडणं असं काढायची की मी स्वतः दोनदा उठून मदतीला निघालो होतो!

दीड वर्षापूर्वी नेड्रा चाळीस मैलांवर खालच्या गावात बहिणीकडे राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. पिकअपमध्ये बॅगा ठेवल्या आणि म्हणाली, "वर्लिन, तू कुठं थांबतच नाहीस रे. डोंगरात वीस मिनिटं झाली की तुझी चुळबुळ सुरू. घरात मी बोलत असते आणि तू उठून गेलेला असतोस. मला आता पाठमोऱ्या माणसाशी बोलायचा कंटाळा आलाय."

मी काहीतरी चांगलं उत्तर देणार होतो. पण नेमका तेव्हाच मी कोठाराचं दार लावायला गेलो होतो.

तेव्हापासून मी घेवडा शिजवतो तो दोघांचाच. एकट्याचं माप मला येत नाही. उरलेला दुसऱ्या दिवशी खातो आणि संध्याकाळी पुन्हा दोघांचा शिजवतो. घरात तिची आठवण येते म्हणावं, तर अंगणात जास्त येते. अंगणात येते म्हणावं, तर पिकअपमध्ये तिची रिकामी जागा शेजारीच बसलेली असते.

जानेवारीत माझा मेव्हणा डेल्बर्ट, म्हणजे नेड्राचा धाकटा भाऊ, मी खानावळीत नाश्त्याला बसलो असताना एक यंत्र घेऊन आला. डब्याएवढं, वर कर्णा, हातात बटणांची पट्टी.

"भावोजी, दोनशे आवाज आहेत यात! ससा, पाडस, टर्की, आणि हे बघा, माजावर आलेली सिंहीण! लांब ठेवायचं, आपण झुडपात बसून बटण दाबायचं. फुंकायला नको, काही नको."

"थांबावं लागतं का?" मी विचारलं.

"थांबणं जुनं झालं, भावोजी!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शनिवारी सिंह मारायचा, पिकअपच्या मागे घालायचा आणि थेट नेड्राच्या बहिणीच्या दारात जाऊन भोंगा वाजवायचा! नेड्राला आयुष्यात एक सिंह हवा होता. तो बघायला ती ओसरीवर येईलच. ओसरीवर येईल, इथवर बेत पक्का होता. पुढचं ठरवलं नव्हतं. तिला ओसरीवर उभी बघायची, एवढंच मला दीड वर्षं हवं होतं.

"शनिवारी सिंह आणतो," मी सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं म्हणालो.

"आणि थांबणार कोण?" गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं. गाव लहान असलं की सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

शनिवारी सकाळी मी पहिली बैठक मारली ती पठाराच्या कडेला. यंत्र साठ पावलांवर ठेवलं, झुडपात शिरलो आणि पाडसाचं बटण दाबलं. दहाव्या मिनिटाला जमीन हादरायला लागली. मी बंदूक सरसावली. टेकाडावरून गाई आल्या! एक नाही, दोन नाही, चाळीस! वासरू रडतंय असं वाटून कुणातरी पशुपालकाचा अख्खा कळप माया करायला धावत आला होता. त्यांनी यंत्राला गराडा घातला. एक पांढऱ्या तोंडाची गाय त्याला चाटायलाच लागली.

"हट्! हट्! अगं, ते वासरू नाही!" मी ओरडत धावलो. घाईत पट्टीवर अंगठा पडला आणि गाईच्या जिभेखालून सिंहीण किंचाळली! चाळीस गाई आल्या तशा गेल्या. माझी पिशवी आणि जेवण तुडवून गेल्या.

दुसरी बैठक रस्त्याच्या वरच्या ओढ्यात. आता सशाचं बटण. जखमी सशाचा आवाज तान्ह्या बाळासारखा असतो, हे मला ठाऊक होतं. पण खाली झाडीत एक निवृत्त जोडपं आपली घरगाडी लावून मुक्कामाला आहे, हे ठाऊक नव्हतं. पाचच मिनिटांत लोकरी टोपी घातलेल्या एक बाई घोंगडी घेऊन धापा टाकत वर आल्या. मागून त्यांचे यजमान, हातात दुधाचा कॅन.

"बाळ कुठाय?" बाईंनी विचारलं.

मी झुडपातून उभा राहिलो. पानाफांद्यांच्या छापाचे कपडे, तोंडाला काळं फासलेलं. बाई जी किंचाळल्या, त्या आवाजावर सिंह नक्की आला असता!

"बाळ नाही हो बाई. ससा आहे. म्हणजे ससाही नाही."

समजूत पटायला पाऊण तास गेला. शेवटी बाईंनी मला घोंगडीवर बसवलं आणि केळ्याच्या पावाचा तुकडा दिला.

"या वयात एकटेच फिरता? घरचं कुणी नाही?"

"आहे की," मी म्हणालो. "चाळीस मैलांवर आहे."

बाईंनी आणखी एक तुकडा दिला.

मग मी गेलो आमच्या घळीत. आमच्या म्हणजे माझ्या आणि नेड्राच्या. तिथं जायचं मी दीड वर्षं टाळत होतो. तीच लाल कड्यांची भिंत, सावलीत तसाच पडलेला बर्फ. बसलो. पाठीला गार हवा लागत होती. यंत्र लावलं आणि सिंहिणीचं बटण दाबलं.

आणि कड्याच्या पलीकडून उत्तर आलं!

खरंखुरं उत्तर! लांबलचक, चिरकं, मान शहारेल असं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा आलं! मी घाबरून सशाचं दाबलं, मग पाडसाचं, मग परत सिंहिणीचं. पलीकडची सिंहीण दर वेळी शांतपणे उत्तर देत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ओ देत होतं!

थांबायचं होतं. शास्त्र सांगतं, सिंह उत्तर देतोय तर जागेवर थांबा. मी सोळा मिनिटं थांबलो आणि निघालो. चाहूल लागू नये म्हणून आमच्याकडचे शिकारी बूट काढून मोज्यांवर जातात, तसे मीही बूट काढले. आमच्याकडे निवडुंगही बक्कळ आहे. पहिल्या दहा पावलांत मी तीन वेळा मनातल्या मनात किंचाळलो. पुढचं अंतर पोटावर सरपटत गेलो. यंत्र चालूच होतं. तासाभरानं कड्याच्या माथ्यावरच्या जुनिपरच्या झाडाखाली पोचलो आणि हळूच डोकं वर काढलं.

चार हातांवर, खडकाला टेकून, तोंडात पिपाणी धरून नेड्रा बसली होती.

"बूट कुठायत?" ती म्हणाली.

दीड वर्षानं ऐकलेला पहिला शब्द! मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, "खाली."

"आणि पायाला काय लागलंय? देवा! दे इकडे तो पाय." तिनं खिशातून चिमटा बाहेर काढला आणि एकेक काटा उपसायला लागली. "पुढच्या दरीपर्यंत ऐकू जातंय तुझं ते खेळणं. सिंहीण, मग ससा, मग पाडस, परत सिंहीण! एवढं अधीर जनावर या डोंगरात एकच आहे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं मी आहे?"

"दुसऱ्याच बटणाला कळलं."

"मग तासभर उत्तर का देत होतीस?"

नेड्रानं काटा जरा जास्तच जोरात ओढला.

"बघत होते," ती म्हणाली. "एकदा तरी एका जागी थांबतोस का."

सोळा मिनिटं थांबलो होतो, हे सांगावं की नाही कळेना. तिचे केस मागून थोडे पांढरे झाले होते. कधी झाले, हे मला माहीत नव्हतं.

"नेड्रा, घरी..."

"बोलू नकोस. आलायस तर बस माझ्या मागे. माझा परवाना आहे यंदा, एकच सिंह, आणि तो मला हवाय. ते यंत्र बंद कर. तुझ्या बाजूला काही दिसलं तर कोपरानं ढोस. तास होईपर्यंत शब्द काढायचा नाही. जमेल?"

"जमेल."

"बघू," नेड्रा म्हणाली आणि पाठ टेकली.

लोकहो, त्या पाठीबद्दल काय सांगू? दोन जाड कोटांमधून ऊब येते, हे मी तीस वर्षांत कधी लक्षातच घेतलं नव्हतं. ती पिपाणी फुंकायला श्वास घ्यायची, तो मला माझ्या फासळ्यांत कळायचा. पाडस रडत होतं, हळूहळू, मधेच थांबून. माझं नाक खाजलं, मी खाजवलं नाही. पायाला मुंग्या आल्या, येऊ दिल्या. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. घरी चल, घेवडा दोघांचाच शिजतो अजून, एवढं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि मी ते गिळून बसलो होतो. या तासाचा दुसरा तास व्हावा, त्याचा दिवस व्हावा, असं वाटत होतं.

बावन्नाव्या मिनिटाला माझ्या बाजूच्या खडकांतून सिंह आला.

खरा! बारा पावलांवर! खांदे हलवत, शेपटीचं काळं टोक झुलवत आला आणि बर्फाच्या पट्ट्यावर चक्क बसला. माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. केवढा देखणा! तीस वर्षं ज्याला हाका मारल्या, तो समोर बसलाय आणि माझं कोपर नेड्राच्या कोपरापासून चार बोटांवर!

ढोसलं असतं तर नेड्रा वळली असती. ती चुकत नाही. मग धडाम आवाज, मग सोलणं, वाहून नेणं, फोटो, 'शाब्बास वर्लिन', आणि मग ती तिच्या पिकअपमध्ये, मी माझ्या. तिची पाठ माझ्या पाठीपासून निघाली असती. बावन्न मिनिटांवर.

मी कोपर हलवलं नाही.

सिंहानं आणखी जरा वेळ बघितलं, जांभई दिली आणि गेला.

तास पुरा झाल्यावर नेड्रा उठली, पाय मोकळे करायला माझ्या बाजूला आली आणि बर्फाशी थबकली. तिनं वाकून ठशात हात घातला. तळहाताएवढे ठसे, कडा अजून ताज्या.

"वर्लिन! हा इथं बसला होता! तुझ्या नाकासमोर! काय करत होतास?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण तिला आयुष्यात एकच सिंह हवा होता आणि तो मी जाऊ दिला होता. तिचा चेहरा बघून माझी हिंमतच झाली नाही.

"डोळा लागला," मी म्हणालो.

नेड्रानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"तीस वर्षं जागा राहून एक सिंह आणला नाहीस! आणि झोपलास तर पायाशी येऊन बसला! म्हणजे हेच चुकत होतं आपलं. तू जागा असलास की चुळबुळतोस." तिनं पिपाणी खिशात टाकली. "पुढच्या शनिवारी सहाला ये. झोपायला. परवाना आहे तोवर दर शनिवारी यायचं. माझा सिंह मिळाला की सुटलास."

नेड्रानं भावाला सांगितलं आणि गावभर झालं. वर्लिन सिंहापुढे घोरला! खानावळीत शिरलो की डेल्बर्ट टेबलावर डोकं ठेवून घोरून दाखवतो आणि गल्ल्यावरच्या बाई मला उशी हवी का विचारतात. मी मान खाली घालून पॅनकेकवर पाक ओततो.

चार शनिवार झाले. खरं म्हणाल तर मी एकदाही झोपलेलो नाही. तिची पाठ टेकलेली असताना झोप कशी लागेल हो? मी डोळे मिटतो, तोंड जरा उघडं ठेवतो आणि मधूनमधून घोरतो. मागच्या खेपेला निघताना ती बोलत होती, बहिणीच्या कोंबड्यांबद्दल, आणि मी शेवटपर्यंत ऐकत उभा राहिलो. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती मधेच थांबली आणि परत पहिल्यापासून सांगायला लागली.

हे तिला कुणी सांगू नका. पण पिपाणी सुरू झाली की मी मिटल्या डोळ्यांनी त्या कड्यातल्या सिंहाला हात जोडतो. बाबा रे, ती इतकं सुंदर वाजवते की एक दिवस तू येणारच. ये, तिच्या हक्काचा आहेस. पण या शनिवारी नको.