सोळा पायल्या, पंधरा रेघा

"गणिताची भीती? अर्ध्या तासात घालवतो!"

गणिताच्या दैवशाला मॅडमसमोर हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. मी जन्मभर वाचनालयात बसलेला माणूस. चार लोकांत बोलायचं म्हटलं की पुस्तकाआड लपतो! पण प्रश्न नातीचा होता. आमची तृप्ती सातवीत. गणिताच्या तासाला तिचं पोट न चुकता दुखायचं. वर्षभरात तिनं एकदाही हात वर केला नव्हता. आता तर म्हणत होती, "पुढच्या शाळेत गणित असंल तर मी शाळाच सोडते!"

माझा बेत ऐकून ती रडकुंडीला आली. "आबा, तुमी नका ना येऊ! मला समदे हसतील."

"हसू दे की! हसत हसत शिकतील!"

बेत झकास होता. शेजारच्या सगुणाबाई अख्ख्या गल्लीचं धान्य मापतात. घरून बरोबर सोळा पायल्या ज्वारी मापून घेऊन त्या वर्गात आल्या. त्यांनी ती पुन्हा मापायची, मी दर पायलीला फळ्यावर एक रेघ ओढायची. मग बेरीज, गुणाकार, सगळं ज्वारीतून!

सगुणाबाईंनी पदर खोचला, पहिली पायली ओतली. पहिल्या पायलीला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "लाभ!"

मी खडूसकट भक्तिभावानं हात जोडले.

"दोन!" मी रेघ ओढली. "तीन!" रेघ! मला असा चेव चढला की खडूचे दोन तुकडे झाले.

"सोळा!"

मी रेघा मोजल्या. पंधरा!

"सगुणाबाई, एक पायली कमी भरली हो."

"कमी?" सगुणाबाई तव्यावरच्या लाहीसारख्या उडाल्या. "तीस वर्सांपासून मापून राह्यले, आबा! माझ्या मापात खोट?"

"तसं नाही, पण फळा काय खोटं बोलतो?"

मॅडमनी रेघा मोजल्या. पंधराच!

पुन्हा मापणी. पुन्हा लाभ, पुन्हा माझा नमस्कार, पुन्हा पंधरा! वर्गाचे दोन तट पडले. "पंधरा!" "सोळा!" पोरं बाकांवर चढली. मॅडम छडी आपटून दमल्या. दारातून दोन कोंबड्या आत आल्या आणि कोणाचीही बाजू न घेता ज्वारी टिपू लागल्या.

"मंग एक पायली काय उंदरानं नेली?" सगुणाबाई गरजल्या. "घ्या तिसऱ्यांदा! लाभ!"

तेवढ्यात मागच्या बाकावर एक हात वर झाला. तृप्तीचा!

"आबा, लाभ म्हटलं की तुमी हात जोडता. मंग त्या पायलीची रेघ कोण ओढणार?"

मी जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग असा हशा पिकला की कोंबड्याही पळाल्या! तृप्ती सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. पुढं होऊन तिनं स्वतः सोळावी रेघ ओढली आणि फळ्यावर गुणाकारही मांडून दाखवला.

निघताना मॅडम म्हणाल्या, "आबा, पुढच्या शनिवारी गणिताच्या तासाला जरूर या."

मी फुललो. "शिकवायला?"

"नाही, बसायला. तृप्ती म्हणते, ती तुम्हाला शेजारी घेईल."

आज शनिवार. तृप्ती दप्तर घेऊन दारात उभी आहे, हाकांवर हाका मारते आहे.

आणि सकाळपासून माझं पोट दुखतंय!