बुडालेल्या रस्त्याची व काळ्या मातीचा मान उतरल्याची हकीकत

श्रीधरणी प्रसन्न. जी सर्वांचे पाय सोसते आणि कोणाचे नाव विचारीत नाही, तीस नमस्कार करून जे घडले ते लिहिले आहे. शके पंधराशे एकुणनव्वद, प्लवंगनाम संवत्सर, भाद्रपद वद्य तृतीयेस, दिवस कासराभर वर आला असता, राजधानीच्या वेशीवर एक जासूद कमरेपर्यंत चिखलाने माखून आला आणि म्हणो लागला की रस्ता गेला. वेशीवरच्यांनी पुसिले, कोठे गेला? तो म्हणाला, खाली गेला. मग त्यास धुतले, आणि धुतल्यावर उन्हात उभा केला, कारण सिंहासनापुढे थोरल्या महाराजांच्या वेळचा गालिचा होता, आणि त्यावर ओले काही म्हणोन नेऊ नये ऐसी दरबारची चाल होती. जासूद वाळेपर्यंत सर्व सरदार खोळंबले. वाळल्यावर त्याने अर्ज केला की, महाराजांनी वैशाखात राजधानीपासून कुसळगावापर्यंत काळ्या रानातून जो नवा रस्ता बांधविला तो श्रावणाच्या झडीत आधी फुगला, मग मऊ जाहला, आणि मग दिसेनासा जाहला, आणि खासा हत्ती भीमप्रसाद त्यात गुडघाभर रुतून उभा आहे, माहुताचे ऐकत नाही आणि सोंड पोहोचेल तेथवरची बाजरीची कणसे खातो.

हे ऐकून दरबारात मोठा शोक जाहला. कारभारी अंतोबा बोलिले की, रस्त्याचे आपण बारसे केले होते, नाव ठेविले होते, पेढे वाटिले होते, तेव्हा त्याचे सुतकही आले. मग चौघडा बंद करविला. परंतु रस्त्याचे सुतक कैसे पाळावे हे कोणासही ठाऊक नव्हते, आणि सर्वांच्या नजरा सटवोजी पाटणे यांजकडे वळल्या. हे सटवोजी राज्याचे माती-दारोगा. मुलखामुलखाची माती टोपलीत भरून दरबारी हजर करावी आणि तिचा दर्जा लावून घ्यावा हे त्यांचे काम. त्यांची बायको ठकूबाई मागल्या माघात वारली होती, आणि तेव्हापासून दरबार त्यांस दुःखाचे जाणते समजत असे. अंतोबांनी पुसिले, "सटवोजी, तुम्हांस अनुभव आहे. पहिल्या दिवशी काय करावयाचे?"

सटवोजी म्हणाले, "पहिल्या दिवशी काही सुचत नाही. लोक येतात आणि बसतात."

दरबार बसलेलाच होता, तो अधिक बसला. थोड्या वेळाने महाराजांनी पुसिले, "मग?"

"मग लोक आपापल्या गोष्टी काढितात."

ही आज्ञा समजून सरदारांनी आपापल्या गोष्टी काढिल्या, आणि कोणी घोड्याच्या नालाचे बोलो लागला, कोणी व्याह्याच्या कंजुषीचे, आणि घटकाभरात दरबारात ऐसा कल्ला माजला की तैसा लग्नाच्या पंगतीतही माजत नाही. महाराज वयाने कोवळे, त्यांस सुतक फार आवडले. सटवोजी मात्र उठून सज्ज्यात जाऊन उभे राहिले. त्यांचे मन त्या रस्त्यात अडकले होते. कुसळगाव हे ठकूबाईंचे माहेर, आणि तेथे त्यांची आई सगुणाबाई एकटी होती. तिचे गुडघे गेलेले, आणि लेक गेल्यावर तिला जावयाखेरीज कोणी उरले नव्हते, आणि जावयासही तिच्याखेरीज कोणी उरले नव्हते. माघातच दोघांचे ठरले होते की, रस्ता जाहला म्हणजे गाडी जोडून तिने राजधानीस यावे आणि दोघांनी एका घरात राहावे. वैशाखात रस्ता जाहला तो तिची गाय गाभण होती. म्हातारी म्हणाली, गाय व्याली की येते. गाईने श्रावण गाठला, कालवड दिली, आणि त्याच झडीत रस्ता खाली गेला.

आता हा रस्ता ऐसा का बुडाला, त्याचे मूळ सांगितले पाहिजे. त्या राज्यात मातीचे दर्जे चाळणीने लावीत. दरबारात चाळण्यांची उतरंड एकीवर एक मांडीत, वरची मोठ्या भोकांची, खालची बारीक, आणि माती वरून ओतून सरदारांनी हलवावी, आणि जी वर राहील ती थोर, जी खाली जाईल ती हलकी. खडी वर राही, मुरूम मध्ये अडके, वाळू त्याखाली, आणि गाळ तळाच्या ताटात. काळी माती मुळात इतकी बारीक की कापडातूनही जावी. परंतु गालिच्याच्या भयाने सटवोजी प्रत्येक टोपली गच्चीवर आठ-आठ दिवस वाळवीत, आणि वाळल्यावर काळीची ढेकळे ऐसी कठीण होत की ती चाळणीच्या वर खडीशेजारी जाऊन बसली. मग खास शिलेदाराने तिजवर हातोडा मारिला, आणि हातोड्याचा दांडा मोडला. महाराज खूष जाहले, काळीस "पाषाणराव" ऐसा किताब दिला, शेला पांघरविला, आणि हुकूम केला की, जेथे पाषाणराव स्वतः उभे आहेत तेथे खाली दुसरे काही घालणे हा त्यांचा अपमान होईल. म्हणोन काळ्या रानातून रस्ता काढिला तो नुसता तासून सपाट केला, वर पातळ खडी पसरली, आणि मुरुमास चुरा म्हणोन वेशीबाहेर काढिले. काळीस किताब मिळाला तेव्हा ठकूबाई हयात होत्या, अंथरुणावर. ही बातमी ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडं पावसाळ्यात दारं लागत नाहीत आणि उन्हाळ्यात उंबऱ्यात भेगा पडतात, त्यात माझी पैंजणं गेली. त्या मातीला शेला दिला का?" सटवोजींनी हे दरबारी जसेच्या तसे सांगितले. तेव्हा पैंजणांबद्दल सर्वांनी खेद केला आणि पुढचे प्रकरण घेतले.

सुतक फिटल्यावर पाषाणरावांवर फितुरीचा खटला उभा राहिला. टोपली मधोमध ठेविली, आरोप वाचिला की, उभे राहण्याचा मान घेऊन ऐन वेळी बसलात. टोपलीने उत्तर दिले नाही, ते गुन्हा कबूल ऐसे धरिले. शिक्षा काय द्यावी यावर मतभेद जाहला. कोणी म्हणे हत्तीच्या पायी द्यावे, तो दुसरा म्हणे की हत्तीच तिच्या पायी पडला आहे. अंतोबा बोलिले की, एकूण त्या बाजूस रस्ता होणे नाही, तेव्हा त्याचे नाव काढणे बंद करावे. हे ऐकून सटवोजी, जे दरबारात कधी न पुसता बोलत नसत, पुढे जाहले आणि म्हणाले, "महाराज, ही ओली कशी वागते ते आपण पाहिलेच नाही. मला ती ओली करून आणू द्या. मुरूमही ओला आणीन. मुरूमही बसला तर रस्त्याचे नाव मी काढणार नाही, आणि दारोगाही राहणार नाही."

दरबार चपापला. अंतोबांनी आधी गालिच्याकडे पाहिले, मग सटवोजींकडे, आणि म्हणाले की, हा मनुष्य दुःखाने भ्रमला आहे. परंतु महाराज सिंहासनावरून उतरले, गालिच्याचे एक टोक आपल्या हाती धरिले, आणि म्हणाले, "गुंडाळा."

मग जे जाहले ते त्या दरबारी पूर्वी कधी जाहले नव्हते. फरशीवर घागरी ओतल्या, आणि महाराजांनी बाह्या सारून चिखलात हात घातले, आणि राजा बसला म्हणोन सरदारही मांड्या घालून बसले. सटवोजींनी सांगितले की, ओल्या मातीची तळहातावर वळी वळावी. जी लवकर तुटते तिच्यात चिकटपणा थोडा, जी शेवयांसारखी लांबत जाते ती पाणी पिऊन फुगणारी. मुरुमाच्या वळ्या होता होता तुटल्या. काळीच्या ऐशा बारीक आणि लांब निघाल्या की खास शिलेदाराने आपली वळी खांबापासून खांबापर्यंत नेली, आणि अंतोबा, जे दुरून पाहात होते, त्यांस राहवेना, तेही बसले, आणि त्यांचीच वळी सर्वांत बारीक जाहली, तेव्हा त्यांनी ती मोडू दिली नाही. मग कोणाचा चिखल वाहतो ते पाहण्यास वाटीत चिखल भरून मध्ये बोटाने चर पाडिला आणि वाटी तळहातावर आपटली, तो काळीचा चर मिटून गेला, मुरुमाचा चिखल मात्र वाटीत घसरून गोळा जाहला. महाराज हसता हसता मागे पडले आणि चिखलात पडले, आणि राजा पडला म्हणोन चार सरदार मुद्दाम पडले.

परंतु खरी परीक्षा पुढे होती. बुडाशी छिद्रे पाडलेल्या दोन माठांत काळी आणि मुरूम धुमसाने ठोकून भरिले आणि ते हौदात बुडवून ठेविले, पुरते भिजेपर्यंत. त्या दिवसांत सटवोजी हौदाशेजारून हलले नाहीत. काळी माठाच्या तोंडाबाहेर फुगून आली, ती पाहावयास राणीवशातून लोक आले. मग दोन्ही माठ काढून प्रत्येकावर एक पहार उभी केली आणि पहारेस जात्याची तळी बांधिली. काळीत पहार ऐसी गेली की जणू कोणी तीस आत बोलाविले. मग मुरुमाची पाळी आली. सटवोजींनी डोळे मिटून घेतले. पहार थोडी खाली गेली, आणि थांबली. आणखी एक तळी बांधिली, तरी थांबलेलीच. अंतोबांनी स्वतः पहारेस लोंबकळून पाहिले आणि उतरून म्हणाले, "उभा आहे."

मग मसलत जाहली. काळीचे शीर घेऊ नये, कारण तिचा स्वभाव तो गुन्हा नव्हे. शेला काढून घ्यावा, आणि ज्वारी-कापसाच्या रानाची सनद द्यावी, तेथे तिने खुशाल फुगावे. रस्त्यात ती खाली राहील, वरच्या थरात तिच्यात चुना कालवून तिची फुगण्याची खोड मोडावी, त्यावर मुरूम थराथराने ठोकावा, त्यावर खडी. आणि पहार जेथे जास्त रुतेल तेथे वरचे पांघरूण जाड करावे. दोहीकडे चर काढावे आणि मधोमध बैलाच्या पाठीसारखा उंचवटा ठेवावा, म्हणजे पाणी उभे राहणार नाही. मुरुमास वाजत गाजत वेशीतून आत आणिले. कार्तिकात काम लागले. महाराजांस खडी फोडण्याचा नाद ऐसा लागला की रोज सकाळी घण घेऊन हजर होत, आणि एके दिवशी, कोणी पाहात नसता, कुसळगावच्या ओढ्यावरून गाडी जावी म्हणोन बांधावयाच्या मोरीसाठी घडवून ठेविलेले दगडही त्यांनी आनंदाने फोडून टाकिले.

पुढल्या श्रावणात झड लागली, आणि सारा दरबार छत्र्या घेऊन पाहावयास गेला. मागल्या साली चिखलातून खणून काढिलेला भीमप्रसाद रस्त्याच्या तोंडाशी आला, थांबला, सोंडेने हुंगिले, एक पाय ठेविला, उचलिला, पुन्हा ठेविला, आणि चालो लागला. लोकांनी त्यावर गुलाल उधळिला, तो पावसात वाहून सर्वांच्या अंगरख्यांवर उतरला. अंतोबा नाचले. सटवोजी हत्तीच्या मागोमाग चालत गेले, आणि जेथे हत्ती वळला तेथे ते वळले नाहीत, ओढ्यापर्यंत गेले. ओढा तुडुंब होता. पलीकडे सगुणाबाई काठी टेकून उभी होती, शेजारी गाय आणि वर्षाची कालवड.

"जावईबापू, रस्ता इथवरच का?"

"दगड सरले, मामी."

"गेले कुठं?"

"महाराजांनी फोडले."

"बरं झालं. आता त्यांनाच म्हणावं, नवे वाहून आणा." मग म्हातारी म्हणाली, "धरतो का?"

सटवोजींनी रस्त्यावर पाय आपटून दाखविला. "धरतो."

"ठकी म्हणायची, आपल्या गावाला रस्ता कधी व्हायचा नाही. तिला—" आणि ती थांबली. ओढ्याचा आवाज मोठा होता. सटवोजींनी पुसिले, "कालवड कशी आहे?"

"नाठाळ आहे. तीही येणार."

"येऊ द्या."

मग दोघे आपापल्या काठावर पुष्कळ वेळ उभे होते.

येणेप्रमाणे रस्ता बुडाला व पुन्हा उभा राहिला. राजधानीपासून ओढ्यापर्यंत तो पुरा जाहला आहे, आणि एक पावसाळा निभावला आहे. काळी आपल्या रानात सुखी आहे, मुरूम रस्त्यात, आणि गालिचा गुंडाळलेलाच आहे. ओढ्यावरची मोरी आणि पलीकडचा कुसळगावापर्यंतचा रस्ता बांधणे राहिले आहे.